आईचे औषध, पोटातले बाळ

गर्भारपणात औषधे घेऊ नयेत, हे आपल्याकडे घराघरांत पाठ असते. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यासुद्धा 'बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल' या भीतीने डब्यातच राहतात. मग मनाच्या आजारावरच्या गोळीची काय कथा! पाळी चुकली की ती बंद होते. कधी सासू सांगते म्हणून, कधी आई सांगते म्हणून, तर पुष्कळदा त्या बाईला स्वतःलाच तसे वाटते म्हणून. बाळाला त्रास होऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असतो, आणि तो चांगलाच आहे. पण गोळी बंद केली म्हणजे बाळ सुरक्षित झाले, हे खरे आहे काय? या प्रश्नाचा माग काढताना वैद्यकशास्त्राची जवळजवळ सत्तर वर्षे गेली. त्यांतली बरीचशी वर्षे चुकीची तुलना करण्यात गेली, असे आमचे मत आहे. ती तुलना कशी सुधारली आणि त्यात आपल्या कोकणपट्टीचा वाटा काय, ते पाहू.

सुरुवात विंचवापासून करावी लागेल. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा १९९३ मध्ये रोह्यापासून वीरपर्यंत सुरू झाला. हे वीर ज्या महाड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः लहान मुले, त्या काळी हातातोंडाशी आल्यासारखी वाटता वाटता दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या शेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. त्यांवरून दिसले ते असे : विंचवाच्या विषाने शरीरातील नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि तिच्या जातीची रसायने एकदम बाहेर फेकली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरायला सुरुवात केली आणि सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले.

विंचवाचा आणि गर्भवतीच्या उदासीचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध या रसायनाचा आहे. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे चेतापेशींच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेले असते. संदेश आला की थोडेसे बाहेर पडते, पुढच्या पेशीला निरोप देते, आणि उरलेले पुन्हा आत शोषले जाते किंवा त्याचे विघटन होते. मेंदूत याच पद्धतीने काम करणारे दुसरे रसायन म्हणजे सेरोटोनिन. वर्गात समजावताना न्हाणीघरातील टाकीची उपमा घ्यावी. विंचू टाकी एकदम उपडी करतो. सर्पगंधेचे औषध टाकी भरूच देत नाही. आणि नैराश्यावरची औषधे मोरीच्या तोंडाला बोळा लावतात, म्हणजे पडलेले पाणी लगेच वाहून जात नाही. उपमा ढोबळ आहे. मेंदू म्हणजे काही न्हाणीघर नव्हे. तरी पुढचा इतिहास समजायला ती पुरते.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. तिचे मूळ वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर देत असत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे लिहिले. पण जगाचे लक्ष गेले ते मुंबईमुळे. के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ती प्रसिद्ध केली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन हा शुद्ध पदार्थ वेगळा काढला, आणि दोन-तीन वर्षांत हे औषध जगभर गेले. वकिलांना १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळाले.

गर्भारपणात रक्तदाब वाढणे हा त्या काळी मातांचा मोठा वैरी होता. साहजिकच रिसर्पिन गर्भवतींनाही दिले जाऊ लागले. १९५५ मध्येच अमेरिकेतून वृत्तान्त आले की, अशा मातांची काही बाळे जन्मतः सुस्त असतात, अंगावर नीट पीत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यांची नाके चोंदलेली असतात. मोठ्या माणसाचे नाक चोंदले तर तो तोंडाने श्वास घेतो. नवजात बाळाला ते नीट जमत नाही. पहिले काही आठवडे ते मुख्यतः नाकानेच श्वास घेते, त्यामुळे चोंदलेले नाक हे त्याच्यासाठी संकटच असते. नाकातील रक्तवाहिन्या आवळून धरणारे नॉरअ‍ॅड्रेनलिनच कमी झाले, म्हणून त्या फुगल्या आणि वाट बंद झाली. वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधले भक्कम कुंपण, अशी समजूत तेव्हा अनेक डॉक्टरांचीही होती. या चोंदलेल्या नाकांनी त्या कुंपणाला भोके आहेत हे दाखवले. पण धोक्याची घंटा म्हणून ती ऐकली गेली नाही. घंटा वाजली ती सहा वर्षांनी, आणि फार भयानक वाजली.

त्या आधी रिसर्पिनचा दुसरा परिणाम पाहू. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होत, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येत. १९५५ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत दिसले की, रिसर्पिनमुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन घटते. मग रसायने घटली म्हणून मन खचले असेल का, असा तर्क पुढे आला. नंतरच्या काळात रिसर्पिनमुळे खरोखर किती जणांना नैराश्य येत होते याबद्दल शंका घेतल्या गेल्या, आणि 'सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य' हे सरळ समीकरणही आज कोणी मानत नाही. तरी औषधशोधाला दिशा मिळाली ती या तर्काने.

नैराश्यावरची पहिली औषधे मात्र अपघातानेच सापडली. न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू क्षयरुग्णालयात १९५२ च्या सुमारास आयप्रोनियाझिड या क्षयावरच्या औषधाने रुग्ण अवेळी आनंदी होऊ लागले. १९५७ मध्ये ते नैराश्यावर वापरले गेले. यकृताला इजा होते म्हणून पुढे मागे पडले. त्याच सुमारास रोलांड कून या स्विस मनोविकारतज्ज्ञाने गायगी कंपनीचे इमिप्रॅमिन भ्रमिष्ट रुग्णांवर वापरून पाहिले. भ्रम काही गेला नाही, पण खचलेली माणसे उठून कामाला लागली. इमिप्रॅमिन १९५८ पासून बाजारात आहे आणि आपल्याकडे आजही मिळते.

याच वर्षांत थॅलिडोमाइड आले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेसाठी आणि पुढे गर्भवतींच्या मळमळीवर ते खपू लागले. १९६१ च्या अखेरीस जर्मनीतील विडुकिंड लेंत्स आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राईड यांनी दाखवून दिले की, हात-पाय नीट न वाढलेली जी बाळे जन्मत आहेत त्यांच्या मातांनी हे औषध घेतले होते. जगभरात अशी सुमारे दहा हजार बाळे जन्मली असावीत. त्यानंतर गर्भवतीला गोळी देताना प्रत्येक डॉक्टरचा हात थबकू लागला. हे योग्यच होते.

पण भीतीचेही दुष्परिणाम असतात. १९७२ मध्ये त्याच मॅकब्राईडांनी इमिप्रॅमिनमुळेही हातापायांत व्यंग येते असे जाहीर केले. थॅलिडोमाइड पकडणारा माणूस बोलतो आहे म्हटल्यावर खळबळ उडणारच. तपास झाला, ज्या थोड्या उदाहरणांवर हा आरोप उभा होता ती टिकली नाहीत. पुढे दुसऱ्याच एका औषधासंबंधीच्या सशांवरील प्रयोगांत त्यांनी आकडे फिरवल्याचे सिद्ध झाले आणि १९९३ मध्ये त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. एका बाबतीत बरोबर ठरलेला माणूस प्रत्येक बाबतीत बरोबर असतोच असे नाही. शिक्षकांना हे उदाहरण विज्ञानाची पद्धत शिकवताना उपयोगी पडावे. आणि हेही लक्षात घ्यावे की, दर शंभर बाळांत दोन-तीन बाळांना कोणतेही औषध न घेता जन्मतः काही ना काही व्यंग असतेच. म्हणून 'अमकीने गोळी घेतली आणि बाळाला व्यंग आले' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मोजावे लागते.

खरा पण सौम्य परिणाम दिसला तो १९७० नंतरच्या काही वर्षांत. ज्यांच्या मातांनी अखेरच्या महिन्यांत इमिप्रॅमिनच्या जातीची औषधे घेतली होती, ती काही बाळे जन्मानंतर थरथरत, चिडचिडी होत, भराभर श्वास घेत, नीट पीत नसत. नाळ कापली की औषधाचा पुरवठाही एकदम तुटतो. बाळाचे अंग त्याला सरावलेले असते. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली आणि फक्त सेरोटोनिनची मोरी बुजवणारी औषधे घरोघरी पोहोचली. तीच लक्षणे त्यांच्याही बाबतीत आढळली. उशिराच्या महिन्यांत औषध मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ३० टक्के बाळांत ती कमीअधिक दिसतात आणि बहुधा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप जातात. म्हणून अशा बाळ-बाळंतिणीला दोन-तीन दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवणे श्रेयस्कर. रिसर्पिनच्या चोंदलेल्या नाकाचेच हे भावंड म्हणायचे.

२००५ आणि २००६ ही वर्षे मात्र वादळी ठरली. २००५ च्या अखेरीस पॅरॉक्सेटिनमुळे हृदयाची व्यंगे वाढतात असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने दिला. २००६ च्या फेब्रुवारीत क्रिस्टिना चेंबर्स व सहकाऱ्यांचा निबंध आला : गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे घेतली तर बाळाच्या फुप्फुसांतील रक्तदाब जन्मानंतर उतरत नाही, असा गंभीर विकार होण्याचा संभव सहापट होतो. 'सहापट' हा शब्द वर्तमानपत्रांनी उचलला. हा विकार मुळात हजारात एक-दोन बाळांना होतो. सहापट म्हणजे हजारात सहा ते बारा. उरलेल्या नऊशे नव्वदांच्या आसपास बाळांना तो होत नाही, हे मात्र कोणी मथळ्यात छापले नाही. 'किती पट' आणि 'किती जणांत' यांतला फरक आठवीचा विद्यार्थीही समजू शकतो, पण मोठी माणसे घाबरली की विसरतात.

त्याच महिन्यात ली कोहेन व सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचे आकडे प्रसिद्ध केले. नैराश्याचा जुना आजार असलेल्या २०१ गर्भवतींचा त्यांनी मागोवा घेतला. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २६ टक्के पुन्हा आजारी पडल्या. बंद करणाऱ्यांपैकी ६८ टक्के. या बायका मोठ्या विशेष रुग्णालयांत येणाऱ्या, म्हणजे आजार तीव्र असलेल्या होत्या. सर्वसाधारण गर्भवतींच्या नंतरच्या एका पाहणीत एवढा फरक आढळला नाही. तरी तीव्र आजारात गोळी टाकून देणे हे फुकटचे नाही, त्याची किंमत मोजावी लागते, हे स्पष्ट झाले.

इथे आपण त्या चुकीच्या तुलनेपाशी येतो. इतकी वर्षे औषध घेणाऱ्या मातांची बाळे एका बाजूला आणि सर्व इतर मातांची बाळे दुसऱ्या बाजूला, अशी तुलना होत होती. पण औषध घेणारी माता आणि इतर माता यांत फरक काय फक्त गोळीचा असतो? एक आजारी आहे, दुसरी नाही. आजारी माता कमी जेवते, कमी झोपते, तपासणीला जायचे टाळते. पाश्चात्य देशांत अशा स्त्रियांत धूम्रपानही जास्त आढळते. मग बाळातला फरक गोळीचा की आजाराचा? योग्य तुलना औषध घेणारी आजारी माता आणि औषध न घेणारी आजारी माता यांची. ऐकायला सोपी वाटते, पण त्यासाठी लाखोंच्या नोंदी लागतात.

त्या नोंदी संगणकामुळे हाती आल्या. क्रिस्टा ह्यूब्रेख्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतील साडेनऊ लाखांच्या आसपास गर्भारपणांचा हिशेब मांडला. हृदयाची व्यंगे औषध न घेणाऱ्यांत दहा हजारांत सुमारे ७२, घेणाऱ्यांत सुमारे ९०. पण नैराश्य असलेल्यांचीच आपापसांत तुलना करून इतर फरक काढून टाकले, तेव्हा ही तफावत जवळजवळ नाहीशी झाली. २०१५ मध्ये त्यांनीच ३७ लाखांहून अधिक गर्भारपणांत फुप्फुसांचा तो विकार मोजला : दहा हजारांत सुमारे २१ विरुद्ध सुमारे ३१, आणि योग्य तुलनेनंतर उरलेला फरक फारच थोडा. सहापट कुठल्या कुठे गेले. स्वमग्नतेबाबतही तेच. २०१७ मध्ये संशोधकांनी स्वीडनमधल्या नोंदींवरून सख्ख्या भावंडांचीच तुलना केली, एकाच्या वेळी आईने औषध घेतलेले, दुसऱ्याच्या वेळी नाही. घर एक, आई एक, आनुवंशिकता बरीचशी एक. फरक उरला नाही.

याचा अर्थ सर्व औषधे निर्धोक असा मुळीच नाही. फिट्‍सवर आणि मनाच्या चढउतारांवर देतात ते व्हॅल्प्रोएट गर्भाला निश्चित अपाय करते. ते नैराश्यावरचे औषध नव्हे, पण घरात दोन्ही 'डोक्याच्या गोळ्या' याच नावाने ओळखल्या जातात आणि घोटाळा होतो. पॅरॉक्सेटिनही गर्भारपणात नव्याने सुरू करणे डॉक्टर सहसा टाळतात.

आता नाण्याची दुसरी बाजू : आजारावर काहीच उपचार न झाल्यास बाळाचे काय होते? याचे एक ठळक उत्तर आपल्या शेजारीच शोधले गेले. वीरहून दक्षिणेला जाणारी रेल्वे गोव्यात शिरली की थिवी स्थानक लागते. म्हापसा तिथून जवळ. म्हापशाच्या आसिलो या जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल, मेर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी २७० गर्भवतींची शेवटच्या तिमाहीत नोंद केली आणि बाळंतपणानंतर त्यांची पुन्हा भेट घेतली. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. त्यांतल्या ७८ टक्के मातांचे मन बाळंतपणाआधीच आजारी होते. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचे दुखणे समजतो ते बहुतेक वेळा पोटुशीपणापासूनच चालत आलेले असते. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण ही कारणे अपेक्षितच. पण मुलगी झाली हेही एक कारण निघाले, आणि ते वाचून आम्हाला वाईट वाटले तरी आश्चर्य वाटले नाही.

पुढच्या वर्षी याच पाहणीतील १७१ बाळांची हकीकत प्रसिद्ध झाली. सहाव्या महिन्यात नैराश्यग्रस्त मातांच्या बाळांपैकी ३० टक्के बाळे वजनाने फार खालच्या पायरीवर होती. इतर मातांच्या बाळांत हे प्रमाण १२ टक्के होते. उंचीतही तसेच, आणि मानसिक वाढही मागे. जन्मवजन आणि आईचे शिक्षण लक्षात घेऊनही फरक राहिला. या पाहणीचा विषय औषधे नव्हता. ती मोजत होती आजाराला. परदेशातील श्रीमंत घरात खिन्न आईचे बाळ कदाचित फक्त कमी हसेल. आपल्याकडे जिथे उकळलेले पाणी, वेळेवर पाजणे, जुलाब लागले तर मीठ-साखरेचे पाणी, लसीची तारीख हे सारे एकट्या आईच्या उठण्यावर अवलंबून असते, तिथे आई अंथरुणातून उठली नाही तर बाळाचे वजन घटते. महाड-पोलादपूरच्या ज्या वाड्यांतले पुरुष मुंबईला नोकरीला असतात, तिथल्या शिक्षकांना हे अधिक सांगायला नको.

मग गोळी हाच उपाय आहे का? नाही. सौम्य आणि मध्यम आजारात बोलण्याचा उपचारही गुण देतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी दाई-परिचारिकांसारख्या गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून तो करून दाखवला. २००८ च्या त्यांच्या निबंधानुसार सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, न मिळालेल्यांत ५३ टक्के; आणि बाळांना जुलाबही कमी झाले. हीच पद्धत गोव्यात 'संगात' या संस्थेने 'सखी' म्हणून निवडलेल्या सामान्य बायकांकडून २८० गर्भवतींत वापरून पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. लाभ झाला, पण माफक. तीव्र आजाराला, आत्महत्येचे विचार असलेल्या बाईला, सखीच्या जोडीला गोळीही लागते, हे मान्य करायला हवे.

२०१५ पासून अमेरिकेत औषधांच्या वेष्टणावर गर्भारपणासाठी छापली जाणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरे काढून टाकण्यास सुरुवात झाली. त्या अक्षरांवरून वाचणाऱ्याला औषधाचा धोका कळे, आजाराचा कळत नसे. आता माहितीपत्रकात औषध न घेतल्यास आई-बाळाला काय होऊ शकते हेही लिहावे लागते.

शाळेत मुलांना न्यायला येणारी, गप्प गप्प राहणारी, दिवस गेलेली एखादी आई शिक्षकांच्या नजरेस पडतेच. १९८७ मध्ये एडिंबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची यादी अशा वेळी आरोग्यसेविका वापरू शकतात. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, आणि तो विचारल्याने असे विचार डोक्यात येतात ही समजूत चुकीची आहे. आधीपासून गोळी चालू असेल तर ती एकदम बंद न करता ज्यांनी दिली त्यांनाच भेटावे. शक्य तर दिवस जाण्याआधीच भेटावे, म्हणजे कोणते औषध, किती, हे शांतपणे ठरवता येते. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवायचा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि रात्रीही कोणीतरी फोन उचलते.